चट्टा, गोळी आणि उन्हाळा

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण जंगलपट्टीतले असाल तर वाचाच.

नोव्हेंबरातली गोष्ट. हलका धान निघून गेला होता, भारी धानाची कापणी सुरू होती. मी आईच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला एका मेडिकलवर उभा होतो. बाजूला आतल्या गावातून आलेल्या मायलेकी. पोरगी असेल वीस-एकवीसची. तिनं बाही वर करून कोपराच्या खालचे दोन फिकट चट्टे दाखवले आणि विचारलं, "याच्यावर कोणती ट्यूब येते जी?" दुकानातल्या पोरानं एक ट्यूब काढून काउंटरवर ठेवली. वरून सल्लाही दिला, "आताच लावून घ्या ताई. थंडीतच गुण येते. उन्हाळ्यात कितीही लावा, काही फायदा नाही."

आईनं हळूच सांगितलं, पोरीचं लग्न जुळत आहे, उन्हाळ्यात करायचं आहे.

पत्रकाराला नाक खुपसायची सवय असते. मी विचारलं, "खाजते काय?" "नाही जी." "चिमटा घेतला तर समजते?" पोरीनं तिथंच स्वतःला चिमटा घेऊन पाहिला. एकदा चट्ट्यावर, एकदा बाजूला. मग आईकडे पाहिलं. काही बोलली नाही.

ट्यूब त्या दिवशी विकली गेली नाही. पुढं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी त्या पोराचं वाक्य घेऊ, "थंडीतच गुण येते." कारण हे वाक्य खोटं नाही, आणि तीच तर अडचण आहे.

नागपूरला माझा एक शाळासोबती त्वचारोगतज्ज्ञ आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, चेहऱ्यावरचे वांग, मुरुमांचे काळे डाग, यांच्यासाठी पील किंवा लेझर करायचं असेल तर आम्ही लोकांना नोव्हेंबर ते फेब्रुवारीच बोलावतो. कातडीचा रंग ज्यापासून बनतो ते मेलॅनिन उन्हानं वाढतं. उपचारानं कातडी नाजूक झालेली असताना आपल्याकडचं एप्रिलचं ऊन लागलं तर डाग जाण्याऐवजी आणखी गडद होतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा उन्हाळ्यात ४५ ते ४७ च्या घरात असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. दरवर्षी देशाच्या बातम्यांत आपलं नाव तेवढ्यासाठीच येतं. तर शहरातल्या, सावलीत बसून काम करणाऱ्या माणसाच्या वांगासाठी हिवाळा, हे बरोबर आहे.

ऋतू पाहून कातडीचा इलाज करणं ही काही लेझरवाल्यांची शोधलेली गोष्ट नाही. आपल्या जुन्या वैद्यकात तर त्याचं पूर्ण पंचांग आहे. कुष्ठ या नावाखाली तेव्हा कातडीचे कितीतरी रोग येत. त्यांच्यासाठी सुश्रुतानं वेळापत्रक घालून दिलं आहे : पंधरवड्याला वमन, महिन्याला विरेचन, सहा महिन्यांनी रक्त काढणं. रक्त काढायला शरद ऋतू चांगला मानला जाई. म्हणजे आपल्याकडं धान पोटरीतून निसवतो तो काळ. पांढऱ्या डागांसाठी मात्र उलटं. अथर्ववेदात पांढरे डाग घालवण्यासाठी एका काळ्या वनस्पतीला उद्देशून सूक्त आहे. चरकानं श्वित्राच्या, म्हणजे कोडाच्या रोग्याला औषध देऊन अंगाला सोसेल तेवढ्या उन्हात बसवायला सांगितलं आहे. बावचीचं बी आणि ऊन ही जोडी आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या चालत आली. बावचीत सोरॅलेन नावाचं द्रव्य असतं आणि ते उन्हात जागं होतं. हेच तत्त्व घेऊन १९७४ साली अमेरिकेत गोळी आणि अतिनील दिव्यांचा उपचार उभा राहिला. (घरच्या घरी बावची चोळून मे महिन्यात उन्हात बसू नका. फोड येतात, भाजल्यासारखे. मी पाहिले आहेत.)

तर काही डागांना ऊन वर्ज्य, काहींना ऊन हेच औषध. पावसाळ्यात घामानं अंगावर येणारी शिबं तर त्या हवेतच येतात आणि साध्या मलमानं जातात. इथपर्यंत ऋतूचा हिशेब ठीक आहे. पण आपल्या दोन जिल्ह्यांत कातडीवरच्या फिकट चट्ट्याचा एक वेगळा इतिहास आहे. त्या चट्ट्यासाठी कोणताच ऋतू योग्य नाही. ज्या दिवशी दिसला तोच दिवस योग्य.

मी कुष्ठरोगाबद्दल बोलतो आहे. आपली म्हातारी माणसं महारोग म्हणत, रक्तपिती म्हणत. कोड आणि हा रोग वेगळा. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो, त्यावर टाचणी टोचली तर समजते, आणि तो कोणाला लागत नाही. कुष्ठाचा चट्टा फिकट किंवा लालसर, तिथं घाम कमी, केस विरळ, आणि मुख्य म्हणजे तिथं बधिर. दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. गंमत पाहा, हा चट्टा सगळ्यांत स्पष्ट दिसतो उन्हाळ्यात, कारण भोवतालची कातडी उन्हानं रापते आणि तो तसाच फिकट राहतो. म्हणजे बाईच्या लक्षात येतो तेंदूपत्त्याच्या दिवसांत, जेव्हा दवाखान्यात जायला एक दिवसाचीही फुरसत नसते. मग रोवणी येते. मग पूर येतो.

हा इतिहास कुठून सुरू करायचा? वरोऱ्यापासून करू, कारण जगाला आपला जिल्हा तिथूनच माहीत आहे. वरोऱ्याचे वकील आणि नगरपालिकेचे उपाध्यक्ष असलेले मुरलीधर देवीदास आमटे यांना रस्त्याच्या कडेला पावसात पडलेला तुळशीराम दिसला. ते आधी घाबरून दूर झाले आणि मग त्या भीतीचीच लाज वाटून परत फिरले, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो. पुढं ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये या रोगाचं शिक्षण घ्यायला गेले. १९४९ ला महारोगी सेवा समिती झाली. सहा रोगी, चौदा रुपये आणि एक लंगडी गाय एवढ्या भांडवलावर आनंदवन उभं राहिलं आणि जून १९५१ मध्ये विनोबांच्या हातून त्याचं उद्घाटन झालं. त्याच्याही आधी, १९३६ ला, शेजारच्या वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी कुष्ठधाम सुरू केलं होतं. सेवाग्रामला गांधीजी परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतः धूत होते. १९५१ लाच वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग फाउंडेशन निघालं. डॉ. वारदेकरांनी तिथून घरोघर जाऊन रोगी शोधणं, लोकांना समजावणं आणि घरीच उपचार देणं ही पद्धत बसवली. ही सगळी मंडळी आपल्या शंभर-दीडशे किलोमीटरच्या आत काम करत होती. हे काही योगायोगानं नव्हतं. रोगही इथंच होता. आजही राज्यात कुष्ठाचे जास्त रुग्ण निघणाऱ्या जिल्ह्यांत चंद्रपूर आणि गडचिरोली असतात.

औषधाचं म्हणाल तर आमटे कलकत्त्याला शिकले तो काळ बदलाचा होता. त्याआधी चालमोगरा तेल. आपल्या वैद्यकातल्या तुवरकाच्या जातीच्या बियांचं तेल. त्याची इंजेक्शनं इतकी दुखत की माणूस रोगापेक्षा सुईला भिई. १९४० च्या दशकात डॅप्सोन आलं. स्वस्त, साधी पांढरी गोळी. पण अनेकांना ती वर्षानुवर्षं, काहींना जन्मभर खावी लागे. पुढं रोगजंतू तिला सरावू लागले.

आणि मग आला रंग. १९५४ साली आयर्लंडच्या डब्लिनमध्ये व्हिन्सेंट बॅरी आणि त्यांचे सहकारी क्षयावर औषध शोधत होते. त्यांनी बनवलेलं एक द्रव्य माणसाच्या क्षयावर उपयोगी पडेना. पण १९६२ पासून नायजेरियात ते कुष्ठावर वापरून पाहिलं आणि ते चाललं. नाव क्लोफाझिमिन. हे औषध जातीनं रंगच आहे, लाल रंगद्रव्य. शरीरातल्या चरबीत आणि कातडीत ते साठून राहतं आणि फार सावकाश बाहेर पडतं. १९८१ ला जागतिक आरोग्य संघटनेनं रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन अशी तिन्ही औषधं मिळून द्यायची शिफारस केली, तीच एमडीटी. भारतात १९८३ ला कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाचं नाव बदलून निर्मूलन कार्यक्रम झालं. त्याच्या आदल्या वर्षी, २६ ऑगस्ट १९८२ ला, चंद्रपूर तोडून गडचिरोली जिल्हा झाला होता. म्हणजे गडचिरोली आणि एमडीटी एकाच वयाचे.

एमडीटीनं जग बदललं यात वाद नाही. जन्मभराचा रोग दोन वर्षांचा झाला, १९९८ नंतर एक वर्षाचा. पहिल्या मासिक डोसनंतर काही दिवसांतच माणूस दुसऱ्याला रोग देईनासा होतो. मोफत आहे. पण विटकरी रंगाच्या त्या मऊ कॅप्सूलनं कातडी काळवंडते, हे सरकारी भिंतीवर कधी कोणी लिहिलं नाही. काही आठवड्यांत सुरुवात होते. आधी चट्टे लालसर-तपकिरी, मग चेहरा, हात, उन्हात उघडं असेल ते सगळं अंग. गोऱ्या माणसाला जास्त दिसतं, पण सावळ्यालाही दिसतंच. घाम-लघवीलासुद्धा रंग येऊ शकतो. औषध संपल्यावर रंग उतरतो, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. उन्हाळ्यात ऊन हा रंग गडद करतं. हिवाळ्यात दुसरा त्रास : कातडी कोरडी पडते, पायाच्या नळ्यांवर माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे निघतात. पाण्यात पाय बुडवून ओल्या कातडीवर तेल चोळलं, मोहाच्या बियांचं किंवा खोबऱ्याचं, तर आराम पडतो. म्हणजे आपल्या हवेत या कॅप्सूलला सोयीचा ऋतूच नाही.

आता घरचं सांगतो. बहिणीला विचारून लिहितो आहे.

माझी आतेबहीण. गाव गडचिरोली जिल्ह्यातलं, नाव सांगत नाही. १९९६ साल. पाठीवर, मांडीवर चट्टे. तपासणीचं पथक आलं, त्यांनी शोधून काढलं आणि पाकीट सुरू केलं. तेव्हा कोर्स दोन वर्षांचा होता. पथकातल्या माणसानं एवढंच सांगितलं की गोळ्या बंद करायच्या नाहीत. रंग बदलेल, हे सांगितलं नाही. मी त्याला दोष देत नाही. त्यालाही किती गावं होती! मृग लागायच्या आधी सुरू केलेलं औषध, थंडी पडेपर्यंत तिचा चेहरा वेगळा दिसायला लागला. गावातल्या बाया म्हणायला लागल्या, "पोट्टी काळी काऊन पडून राह्यली? रोग अंगात पसरला वाटते." बघा, औषधाचा रंग लोकांनी रोगाचा समजला. चैत्रात लग्न ठरलं होतं. तिनं माघात गोळ्या खाणं बंद केलं. पाकिटं घ्यायची आणि धानाच्या ढोलीत खुपसायची. त्या वर्षी ढोलीतला धान खाली गेला तेव्हा सगळी पाकिटं आत्याला सापडली. तोवर लग्न होऊन गेलं होतं. रंगही थोडा उतरला होता.

चार वर्षांनी तिची करंगळी आणि शेजारचं बोट वाकायला लागलं. कोपराजवळून जाणारी नस. रोवणीत धानाचा परा बोटांच्या चिमटीत धरून चिखलात रोवायचा असतो. ते काम ज्या हाताला जमत नाही त्या बाईला आपल्या भागात कोणी मजुरीवर घेत नाही. नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं. कोर्टात गेला नाही, गरज पडली नाही. गेला असता तरी कायदा त्याच्या बाजूनं होता. हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं आणि ते २०१९ पर्यंत होतं. पुढं तिनं पूर्ण कोर्स केला. रोग बरा झाला, बोटं नाही झाली. आज ती पन्नाशीत आहे आणि चहा देताना कप डाव्या हातानं देते.

आणि आता माझं. २००५ च्या डिसेंबरात देशाची सरासरी दहा हजारांमागं एका रुग्णाच्या खाली आली आणि सरकारनं जाहीर केलं की कुष्ठरोग आता सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून दूर झाला आहे. मी नागपुरातून पत्रकारितेची पदविका घेऊन गावी परत आलो होतो, एका दैनिकाला बातम्या देत होतो. प्रेसनोट आली. मी बातमी केली, मथळा दिला, "कुष्ठरोग हद्दपार!" उद्गारचिन्हासकट. सरासरी देशाची होती, जिल्ह्याची नव्हती, हे वाक्य प्रेसनोटमध्ये होतं की नव्हतं ते आठवत नाही. मी विचारलं नाही एवढं मात्र आठवतं. आतेबहिणीनं ते कात्रण वाचलं. ती म्हणाली, "हद्दपार झाला म्हंतेस, मंग मी कोण?" वीस वर्षं झाली. त्या मथळ्याची दुरुस्ती मी कधी छापली नाही, ती ही समजा.

त्या सुमारास कुष्ठाचे वेगळे कर्मचारी सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळले गेले. घरोघर फिरून अंग तपासणारे जुने लोक निवृत्त होत गेले. २०१६ पासून पुन्हा शोधमोहिमा सुरू झाल्या, आशाताई घरी येतात, चट्टा आहे का विचारतात. आपल्याकडं या मोहिमा बहुधा पावसाळा सरता-सरता ते डिसेंबरपर्यंत होतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, तेव्हा ते बरोबरच आहे. हेमलकशाला १९७३ च्या डिसेंबरात लोकबिरादरीचं काम सुरू झालं तेव्हापासून तिकडं पावसाळ्याचे महिने हिशेबातून वजा करूनच सगळं ठरवतात. पण मोहीम हिवाळ्यात झाली तर औषध हिवाळ्यात सुरू होणार, आणि तीन-चार महिन्यांनी रंग चढलेला असताना काय येतं? उन्हाळा. लग्नसराई. मोह, तेंदू. त्याआधी फेब्रुवारीपासून मिरची तोडायला तेलंगणात जाणं. महिन्याचा डोस दवाखान्यात समोर घ्यायचा असतो, आणि माणूस खम्ममच्या शेतात.

आता खरी सार्वजनिक गोष्ट, जिच्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली.

पूर्वी ज्यांना पाच किंवा त्याहून कमी चट्टे, त्यांना दोनच औषधं मिळत, सहा महिने. त्यात रंगाची कॅप्सूल नसे. ती फक्त जास्त चट्टे असलेल्यांना. १ एप्रिल २०२५ पासून देशात कमी चट्टेवाल्यांनाही तिन्ही औषधं सुरू झाली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं हे २०१८ लाच सुचवलं होतं, कारण कोण कमी, कोण जास्त हे ठरवण्यात चूक झाली तर अपुरा उपचार होतो. निर्णय शास्त्राला धरून आहे. माझं भांडण निर्णयाशी नाही. पण त्याचा गावातला अर्थ असा की कालपर्यंत ज्या पोरीला एक-दोन चट्टे होते तिचा रंग बदलत नव्हता, गावाला पत्ताही लागत नव्हता. आता बदलेल. आणि हे तिला, तिच्या आईला, आशाताईला आधी कोणी सांगितलं आहे का?

मी तीन ठिकाणी विचारलं, नावं देत नाही. एका आशाताईला पूर्ण माहीत होतं, तिनं उलट मलाच शिकवलं. एकीला पाकिटात बदल झाल्याचं माहीत होतं, रंगाचं नव्हतं. एका कर्मचाऱ्यानं मात्र थंड डोक्यानं सांगितलं, "आधी सांगितलं तर गोळ्या सुरूच करत नाहीत, म्हणून नाही सांगत." हे उत्तर मी आठवडाभर डोक्यात घोळवलं. १९९६ ला आमच्या घरी नेमकं हेच झालं होतं. न सांगता सुरू केलेली गोळी ढोलीत जाते.

सांगण्यासारखं बरंच आहे आणि ते घाबरवणारं नाही. रंग औषधाचा आहे, रोगाचा नाही, आणि तो उतरतो. ऊन टाळता आलं तर कमी चढतो : पूर्ण बाहीचा सदरा, डोक्यावर दुपट्टा, तेंदूला पहाटे जाऊन नऊच्या आत परत. रंग अगदीच सहन होत नसेल तर डॉक्टरांशी बोला. त्या कॅप्सूलऐवजी दुसरं औषध देता येण्याची तरतूद जागतिक मार्गदर्शनात जुनी आहे. स्वतःहून बंद करणं हा मात्र पर्याय नाही. सहा पाकिटं नऊ महिन्यांच्या आत आणि बारा पाकिटं अठरा महिन्यांच्या आत पूर्ण झाली तरी उपचार पूर्ण धरतात. म्हणजे एखादा महिना चुकला म्हणून सगळं पाण्यात गेलं असं नाही, परत जा. बाहेरगावी जाणाऱ्याला पुढची पाकिटं एकदम सोबत देण्याची सोयही आहे, फक्त ती मागावी लागते. उपचारात अचानक चट्टे सुजले, हातपाय दुखायला लागले, बोटांचा जोर गेला तर त्याच दिवशी दवाखाना. त्यावर वेगळं औषध आहे, आणि उशीर केला तर बोटं जातात. मेडिकलवरची ट्यूब, ज्यात बहुधा स्टेरॉइड असतं, चट्टा झाकते, नस वाचवत नाही. (२०१८ पासून स्टेरॉइडची बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. हसू नका.) आणि गोरं करणाऱ्या बेनामी क्रीमांबद्दल एकच : अकोल्याच्या एका घरातल्या मायलेकींच्या किडन्या अशाच क्रीममुळं बिघडल्या होत्या, त्या क्रीममध्ये पारा निघाला. २०२३ च्या सुरुवातीला बातमी सगळीकडं आली होती.

त्या मेडिकलवरच्या पोरीकडं परत येतो. दुसऱ्याच दिवशी ती प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली. दोन चट्टे, दोन्ही बधिर. नस अजून चांगली. २४ नोव्हेंबरला पहिलं पाकीट. वर म्हटलेली, मला शिकवणारी आशाताई तिच्याच गावची, हे तिचं नशीब. तिनं पहिल्याच दिवशी पोरीला आणि आईला समोर बसवून रंगाचं सांगितलं. कॅलेंडरवर अठ्ठावीस-अठ्ठावीस दिवसांच्या खुणा करून दिल्या. शेवटची गोळी १० मे ला येते. यंदा १७ मे पासून अधिक ज्येष्ठ लागतो, म्हणजे लग्न त्याच्या आधी आटपायचं तर मे च्या पहिल्या पंधरवड्यातच. रंग तेव्हा सगळ्यांत जास्त असणार.

आईनं मला विचारलं, "भाऊ, लग्नापर्यंत उतरंल काय जी?" नाही उतरणार, मी सांगितलं. दिवाळीपर्यंत बराच उतरेल. आई गप्प झाली. पोरगी म्हणाली, मी त्यांना सांगून टाकलं. तिनं स्वतः फोन करून मुलाला सांगितलं होतं. तो पुढच्या रविवारी मोटारसायकलवर आला आणि पोरीच्या घरी जायच्या आधी थेट आशाताईच्या दारात. एका ताटात जेवलं तर चालते काय, एवढाच त्याचा प्रश्न. चालते, ताई म्हणाली, औषध सुरू आहे ना. मग त्यानं कॅलेंडर पाहायला मागितलं. मुलाच्या आईबापाला अजून माहीत नाही. तिथं काय होईल, सांगता येत नाही.

तिसरं पाकीट १९ जानेवारीला सुरू झालं. गालावर रंग दिसायला लागला आहे. चौथं १६ फेब्रुवारीला, पाचवं १६ मार्चला. आणि घरचे सगळे मिरचीला तेलंगणात चालले आहेत, होळीनंतर येतील. लग्नाचा खर्च त्याच पैशातून आहे, त्यामुळं पोरगीही जाणार. आशाताईनं चौथं आणि पाचवं पाकीट सोबत द्यायची मागणी लेखी नेऊन दिली आहे. कालपर्यंत पाकिटं उपकेंद्रात आली नव्हती. मी सोमवारी स्वतः जाऊन विचारणार आहे, तुमच्यापैकी कोणाची तिकडं ओळख असेल तर तुम्हीही फोन करा, नाव मी इनबॉक्समध्ये देतो. टेम्पो ८ तारखेला पहाटे चारला निघतो.